फळ्याच्या पलीकडे : नंबर घातलेली घरं



गेल्या महिन्यात आमच्या चौथीच्या वर्गाला घेऊन मी राणीच्या बागेत गेले होते. घोडपदेवहून बाग ती केवढी लांब? रमतगमत चाललं तरी वीस-पंचवीस मिनिटं. बस नको, तिकीट नको. डबा, पाण्याची बाटली आणि जोडीदाराचा हात धरला की निघायचं. मुलांना अर्थातच पेंग्विन बघायचे होते. पण मी त्यांना आधी संग्रहालयाशेजारच्या दगडी हत्तीपाशी उभं केलं. लगेच कुरकुर सुरू. "बाई, हा तर हलत पण नाही!"

एवढ्यात आमच्या वर्गातल्या एका चौकस मुलानं हत्तीला अगदी नाक लावून बघितलं आणि विचारलं, "बाई, ह्याच्या अंगावर जोड का आहेत?"

शाबास! मला हेच हवं होतं. कारण हा हत्ती इथला नाहीच मुळी. तो घारापुरी बेटावरचा. पोर्तुगीज लोक तिथं उतरले तेव्हा किनाऱ्याजवळ हा भलामोठा दगडी हत्ती उभा होता. त्याच्यावरूनच त्यांनी बेटाला 'एलिफंटा' म्हणायला सुरुवात केली. पुढे इंग्रजांच्या मनात आलं, की हा हत्ती उचलून थेट इंग्लंडला न्यावा. १८६४ साली तसा प्रयत्न झाला. यारीनं उचलताना हत्ती निसटून पडला आणि त्याचे तुकडे तुकडे झाले. ते तुकडे राणीच्या बागेत आणून ठेवले. तिथं ते वर्षानुवर्षं पडून होते. शेवटी १९१४ साली कॅडेल आणि हेवेट नावाच्या दोन गृहस्थांनी ते पुन्हा जुळवले. म्हणून त्याच्या अंगावर जोड आहेत. मोडलेला हात प्लॅस्टरमधून बाहेर आल्यावर आपण तो सगळ्यांना दाखवत फिरतो ना, तसा हा हत्ती उभा आहे.

हत्तीच कशाला, बागेत पाहुणे पुष्कळ आहेत. फोर्टमध्ये काळा घोडा नावाचा भाग आहे, तो तुम्हाला माहीत असेल. तो जुना काळा घोडा, म्हणजे सातव्या एडवर्ड राजाचा घोड्यावरचा पुतळा, १९६५ साली तिथून हलवला, तो आता राणीच्या बागेत आहे. आणि बागसुद्धा इथली मूळची नव्हे बरं का. आधी ती शिवडीला होती. तिथं इंग्रजांचं कब्रस्तान करायचं ठरलं, तेव्हा बाग भायखळ्याला आली आणि १८६२ साली लोकांसाठी उघडली. म्हणजे हत्ती घारापुरीचा, घोडा फोर्टचा, बाग शिवडीची आणि पेंग्विन तर सातासमुद्रापलीकडचे. आपल्या घोडपदेवात तरी दुसरं काय आहे? कुणी साताऱ्याचं, कुणी कोकणातलं, कुणी घाटावरचं.

आता गंमत ऐका. दुसऱ्या दिवशी वर्गातल्या एका मुलीनं एक पिक्चर पोस्टकार्ड आणलं. तिचे काका मालवाहू बोटीवर नोकरीला आहेत. त्यांची बोट जपानच्या योकोहामा बंदरात लागली होती, तेव्हा ते शहर बघायला गेले होते. कार्डावर एक तळं होतं, तळ्यात कमळाची पानं, मागं झाडांनी भरलेली टेकडी आणि टेकडीच्या माथ्यावर तीन मजली लाकडी मनोरा. प्रत्येक मजल्याचं छप्पर टोकाशी किंचित वर उचललेलं. "बाई, काका म्हणाले, हा मनोरा पण दुसऱ्या गावाहून आणलाय. तुमच्या हत्तीसारखा."

मी घरी जाऊन पुस्तकं काढली. काकांचं म्हणणं अगदी खरं होतं. ही योकोहामातली 'सानकेइएन' नावाची बाग. 'एन' म्हणजे बाग आणि 'सानकेइ' म्हणजे तीन घळी. मी स्वतः जपानला गेलेली नाही, प्राथमिक शाळेतल्या बाईंच्या पगारात ते जमायचं तेव्हा जमेल! पण वाचून जे कळलं, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. शिवाय योकोहामा आपल्याला परकं नाही. मुंबई आणि योकोहामा या १९६५ पासून भगिनी शहरं आहेत. त्या नात्यानं ही आपल्या मावशीच्या गावची बाग झाली.

ही बाग केली हारा तोमितारो नावाच्या माणसानं. त्यांचा जन्म १८६८ चा. तरुणपणी ते काय करत होते, ठाऊक आहे? तोक्योमध्ये मुलींच्या शाळेत शिकवत होते. (हे वाचल्यावर मी पुस्तक खाली ठेवून चहा करून घेतला. आमच्याच पेशातला माणूस!) पुढे योकोहामातल्या एका मोठ्या रेशीम व्यापाऱ्याच्या नातीशी त्यांचं लग्न झालं आणि ते त्या घरचे झाले. धंदा वाढवला, खूप पैसा मिळवला. त्या पैशातून त्यांनी समुद्राजवळच्या घळीत बाग वसवायला घेतली. सगळी मिळून साडेसतरा हेक्टर जागा आहे. आणि बाग तयार व्हायला लागल्यावर त्यांनी काय केलं असेल? आपण असतो तर आधी फाटकाला मोठं कुलूप आणलं असतं. हारांनी १९०६ साली बागेचा बाहेरचा भाग गावातल्या सगळ्या लोकांना फिरायला मोकळा करून दिला, तोसुद्धा फुकट. आता तिथं तिकीट आहे, पण तेव्हा नव्हतं.

बागेत झाडं, पाणी, दगड, पूल हे सगळं जपानी पद्धतीनं मांडलेलं. जपानी बागेत आपल्याकडच्यासारखे फुलांचे चौकोनी वाफे आणि मधोमध कारंजं नसतं. डोंगर, ओढा, तळं, जंगल हे जसं रानात दिसतं तसंच, पण हातानं रचलेलं असतं. वाट सरळ नसते. वळण घेतलं की समोर नवं काहीतरी दिसतं. तुम्हाला असली बाग बघायची असेल तर पुण्याला सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे, ते जरूर बघा. जपानमधल्या ओकायामा शहरातल्या कोराकुएन या जुन्या बागेवरून ते केलं आहे. मात्र पुण्याच्या बागेत नाही अशी एक गोष्ट सानकेइएनमध्ये आहे. तिथं जुन्या इमारती आहेत, एक-दोन नव्हे, सतरा. आणि त्यातल्या बहुतेक दूरदूरच्या गावांहून आणलेल्या.

हारांना हा नाद का लागला, तेही सांगते. ते जन्मले त्याच वर्षी जपानमधली जुनी राजवट गेली आणि नवी आली. रेल्वे, गिरण्या, कोट-पाटलून यांचं वारं सुटलं. जुन्या सरदारांचे वाडे ओस पडले. बौद्ध देवळांच्या जमिनी गेल्या, आश्रय गेला. कितीतरी देवळं पडीक झाली. लोकांना वाटायचं, जुनं लाकूड ते, जळणाला तरी कामाला येईल. हारांना ते बघवेना. ते अशा इमारती विकत घेऊ लागले.

आता तो तीन मजली मनोरा. तो १४५७ सालचा. इतिहासाच्या वहीत बघा, शिवाजी महाराजांचा जन्म १६३० चा. म्हणजे महाराज जन्मले तेव्हा हा मनोरा १७३ वर्षांचा होता! क्योतोजवळच्या तोम्योजी नावाच्या पडीक देवळातला हा मनोरा हारांनी योकोहामाला आणून टेकडीच्या माथ्यावर उभा केला. कोणत्या साली? १९१४! म्हणजे ज्या वर्षी आपल्या राणीच्या बागेत हत्तीचे तुकडे जुळत होते, त्याच वर्षी तिकडे मनोरा जुळत होता. इकडच्यांना तिकडचा पत्ता नाही, तिकडच्यांना इकडचा.

पण दोन्ही कामांत एक मोठा फरक आहे. हत्ती अख्खा उचलायला गेले आणि तो फुटला. मनोरा मात्र आधी नीट सोडवला. जपानी सुतारांची जुनी पद्धत अशी की खांब, तुळई, वासे हे एकमेकांत खाचा पाडून, कुसू बसवून, पाचरी ठोकून जोडायचे. खिळ्यांवर भिस्त कमी. त्यामुळे जे जोडलं ते सोडवताही येतं. आधी सगळ्या इमारतीचं माप घेऊन नकाशा काढायचा. मग प्रत्येक तुकड्यावर खूण आणि नंबर घालायचा, पूर्वेकडचा तिसरा खांब, त्याच्यावरची दुसरी तुळई, असं. मग छपरापासून खाली येत एकेक भाग उतरवायचा. कुजलेलं लाकूड तेवढं कापून तिथं नव्या लाकडाचा सांधा भरायचा. नव्या जागी पायापासून वर जात पुन्हा जोडायचं. उतरवताना वरून खाली, उभारताना खालून वर. वर्गातली मुलं लगेच म्हणाली, "बाई, हे तर उजळणी उलटी म्हणण्यासारखं!" आणि एकही नंबर चुकला तर? मग छप्पर बसायचंच नाही. उगीच नाही आम्ही बाई लोक तुमच्या वहीत पानांना क्रमांक घालायला सांगत.

अशाच पद्धतीनं १६४९ सालचा एका मोठ्या सरदाराचा वाडा आला. त्याचं नाव रिन्शुनकाकु. तो १९१७ साली तळ्याकाठी उभा राहिला. १६२३ सालची एक छोटीशी दुमजली बैठक आली, चोशुकाकु. ती १९२२ साली उभी राहिली. प्रत्येक इमारत कुठं बसवायची, तिच्याजवळ कुठलं झाड, वाटेवरून येताना आधी काय दिसावं, हे हारा स्वतः ठरवायचे.

या बागेशी आपल्या देशाचंही नातं आहे. १९१६ साली रवींद्रनाथ ठाकूर जपानला गेले, तेव्हा ते हारांचे पाहुणे म्हणून सानकेइएनमध्ये बरेच दिवस राहिले. त्यांनी आपलं 'स्ट्रे बर्ड्स' हे पुस्तक हारांनाच अर्पण केलं आहे. तिथं रवींद्रनाथांना एक जपानी चित्र फार आवडलं. त्याची नक्कल करून द्यायला आराइ काम्पो नावाचे चित्रकार बागेत येऊन राहिले. दोघांची ओळख झाली, काम्पो भारतात आले आणि १९१७-१८ मध्ये थेट आपल्या महाराष्ट्रात, अजिंठ्याच्या लेण्यांत, भिंतीवरच्या चित्रांच्या नकला करत बसले. कुठं योकोहामाचं तळं आणि कुठं वाघूर नदीचं वळण!

त्या नकलांचं पुढे काय झालं, ते सांगताना मात्र वाईट वाटतं. १ सप्टेंबर १९२३ ला तोक्यो-योकोहामा भागात भयंकर भूकंप झाला. भर दुपारची स्वयंपाकाची वेळ, घरं लाकडाची, चुली पेटलेल्या. भूकंपानं वाचलं ते आगीनं नेलं. तोक्योच्या विद्यापीठात ठेवलेल्या अजिंठ्याच्या नकलाही त्यात गेल्या. योकोहामा शहर जवळजवळ पुसलं गेलं. सानकेइएनमधल्याही काही इमारती पडल्या. तेव्हा हारांनी जुन्या इमारती गोळा करायचं थांबवलं. शहर पुन्हा उभं करायच्या कामात ते पुढे झाले, त्यांनी स्वतःचा पैसा आणि वेळ त्यात घातला. मला हारा आवडले ते इथं. जुन्या लाकडावर एवढं प्रेम करणारा माणूस, पण माणसांची घरं पडली तेव्हा आधी ती बांधायला हवीत हे त्याला कळलं. योकोहामात राहणाऱ्या भारतीय लोकांनाही तेव्हा गावकऱ्यांनी आधार दिला होता. त्याची आठवण म्हणून भारतीयांनी पुढे तिथल्या समुद्रकाठच्या बागेत पाणपोई बांधून दिली. ती १९३९ सालची पाणपोई अजून आहे.

१९३९ मध्येच हारा वारले. मग महायुद्ध आलं, बॉम्ब पडले, बागेची पुन्हा नासधूस झाली. १९५३ साली बाग एका संस्थेकडं सोपवली गेली आणि दुरुस्ती सुरू झाली. आज समोरचा समुद्रही पूर्वीसारखा जवळ राहिलेला नाही, भराव घालून तिथं कारखाने आले. माझगावच्या आजी-आजोबांना विचारा, भराव म्हणजे काय ते चांगलं सांगतील.

हारांच्या पश्चातही एक घर तिथं आलं, आणि मला सगळ्यांत जास्त तेच आवडतं. तो काही राजवाडा नाही, डोंगरातल्या खेडेगावातलं शेतकऱ्याचं घर आहे. शिराकावा खोऱ्यात यानोहारा नावाचं सधन घराणं होतं, त्यांचं घर. साधारण आपल्या पेशवाईच्या काळातलं. १९६० च्या सुमारास तिथं मिबोरो धरण होत होतं आणि घर पाण्याखाली जाणार होतं. तुमच्यापैकी ज्यांचं गाव कोयनेकडचं आहे, त्यांच्या घरी विचारा. गाव पाण्याखाली जाणं काय असतं हे तिथले म्हातारेकोतारे अजून सांगतात. आपलं उजनीचं पळसदेवाचं देऊळ तर पाणी उतरलं की वर दिसतं आणि पाणी चढलं की पुन्हा बुडतं.

तर यानोहारांचं घर नंबर घालून सोडवलं आणि १९६० साली सानकेइएनमध्ये आणलं. त्याचं छप्पर गवतानं शाकारलेलं, खूप उंच आणि उतरतं. डोंगरात बर्फ फार पडतं, ते घसरून खाली जावं म्हणून. आपण नमस्कार करताना हात जोडतो ना, तसा त्या छपराचा आकार. आणि जपानी भाषेत त्या बांधणीचं नावही तेच, 'जोडलेले हात'. छपराचा सांगाडा गवताच्या दोरांनी आणि ओल्या फांद्यांच्या पिळांनी बांधलेला. आत जमिनीत चौकोनी चूल आहे आणि ती रोज पेटवतात. स्वयंपाकासाठी नव्हे. धूर वर चढून गवतात मुरतो, म्हणजे छपराला कीड लागत नाही. रिकामं घर लवकर खराब होतं, हे आपल्याकडेही सगळे जाणतात. म्हणून त्या घराला रोज थोडं जागतं ठेवायचं.

हे मी वर्गात सांगत होते, तेव्हा हत्तीला नाक लावणारा तो मुलगा उभा राहिला. त्याची चाळ पाडून नवी इमारत व्हायची आहे. घरच्यांचं सामान बांधणं चाललंय, काही वर्षं संक्रमण शिबिरात राहावं लागणार. तो म्हणाला, "बाई, आमच्या चाळीला नंबर घालून ती राणीच्या बागेत नाही का नेता येणार?"

वर्ग हसला. मी नाही हसले. खरं सांगायचं तर मला पटकन उत्तर सुचलं नाही. नेता येणार नाही, हे तर उघड आहे. त्याच्या चाळीचे जिने हलतात, पावसाळ्यात गॅलरीतून पाणी गळतं, दहा बिऱ्हाडांना एक संडास. त्याच्या आईला नवं घर हवंय आणि तिचं काहीही चुकत नाही. जुनं म्हणून सगळंच ठेवावं असं मला वाटत नाही. यानोहारांच्या घरात तरी आता कोण राहतं?

पण दुसरीही एक गोष्ट आहे. हारांची एक रेशीम गिरणी होती, तोमिओका गावात. ती उघडली १८७२ साली. आपल्या राणीच्या बागेतलं संग्रहालय लोकांना खुलं झालं तेही १८७२ मध्येच. त्या गिरणीत तरुण मुली रेशमाचे धागे काढायच्या. १९८७ साली ती बंद पडली, पण पाडली नाही, आणि २०१४ मध्ये ती जागतिक वारसा ठरली. आपल्या संग्रहालयाची इमारतही अगदी जुनी, काळवंडलेली झाली होती. ती २००३ पासून दुरुस्त केली, २००८ मध्ये पुन्हा उघडली, आणि त्या कामाला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. आमच्या गिरण्या मात्र गेल्या. घोडपदेवात न्यू हिंद मिल होती, तिच्या जागेवर गिरणी कामगारांसाठी इमारती झाल्या. हे चांगलंच झालं. पण भोंगा कसा वाजायचा, हे आता माझ्या वर्गातल्या एकाही मुलाला माहीत नाही. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या आवारात वस्त्रोद्योगाचं संग्रहालय करायचं काम महापालिकेनं हाती घेतलं, त्याची मी मुलांइतकीच वाट बघते आहे.

मी त्या मुलाला म्हटलं, "चाळ नेता येणार नाही. पण सुतार पहिल्यांदा काय करतात?" तो म्हणाला, "माप घेतात. नकाशा काढतात. नंबर घालतात." मग आम्ही तेच केलं. शनिवारी शाळा सुटल्यावर पाच-सहा मुलं टेप घेऊन त्याच्या चाळीत गेली. जिन्याच्या पायऱ्या मोजल्या. गॅलरीची लांबी, खोलीची लांबी-रुंदी, दाराची उंची घेतली. मोठ्या कागदावर नकाशा काढला आणि नंबर घातले. एक, दगडी उंबरा. दोन, लाकडी जिना, कठड्याच्या तीन गजांसकट न सुटणारा. पाच, गणपतीचा मंडप बांधायची जागा. आठ, पाणी आलं की भांडी लावायची ओळ. यादी तेवीसपर्यंत गेली. तेवीस नंबर होता गॅलरीचा कोपरा, तिथं त्याची आजी संध्याकाळी बसते. मी म्हटलं, "अरे, हा काही इमारतीचा भाग नाही." तर तो म्हणाला, "पण बाई, नंबर घातला नाही तर विसरायला होईल."

नकाशा सध्या आमच्या वर्गात, फळ्याशेजारी लावलाय. पाचवीला तो दुसऱ्या शाळेत जाणार, तेव्हा त्याला गुंडाळून द्यायचा आहे.

तुम्हीही तुमच्या घराचा, चाळीचा किंवा वाडीचा असा नकाशा काढा. टेप नसेल तर वितीनं मोजा, पण मग वीत कोणाची ते लिहा. आई-बाबांना, आजी-आजोबांना विचारून प्रत्येक नंबरापुढे दोन ओळी लिहा आणि आमच्याकडे पाठवा.

आणि दगडी हत्ती बघायला जाल तेव्हा जोड मोजून या. आमच्या वर्गात तीन मुलांचे तीन आकडे आले आहेत, भांडण अजून मिटलेलं नाही. फक्त बुधवारी जाऊ नका, बाग आणि संग्रहालय दोन्ही बंद असतात.

तुमच्या बाई